जुन्या मोटारसायकलच्या फोर्कमध्ये तेल कोणते घालावे?



या पानावर आम्ही एरवी मुलांचे शिक्षण, घरखर्च, आजारपण आणि सरकारी कागदपत्रे यांविषयी लिहितो. आज मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधील तेलाविषयी लिहीत आहोत. हा विषय कुटुंबाच्या पानावर कसा, असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढील पत्र वाचावे.

मनमाड भागातील एका भगिनींनी लिहिले आहे : "माझे पती दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची १९९३ सालची शंभर सीसीची मोटारसायकल दारात उभी होती. मुलगा बारावी झाला. पहाटे तो गाडीवर पेपर टाकतो आणि मग कॉलेजला जातो. गाडी पुढून फार आपटते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते. गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही शॉकअप नवे टाका. त्याने सांगितलेली रक्कम माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी आहे. शेजारचे म्हणतात, नुसते जाड तेल टाका, भागेल. कोणाचे ऐकावे?"

ताई, दोघांचेही लगेच ऐकू नका. गॅरेजवाला खोटे बोलतो असे आमचे म्हणणे नाही. पण नळी उघडून न बघता सांगितलेला खर्च हा अंदाजाने सांगितलेला खर्च असतो. आणि शेजाऱ्यांचा सल्ला तर आम्ही स्वतः एकदा ऐकून बसलो आहोत. त्याची किंमत आमच्या घराने मोजली, ती पुढे सांगतो.

आधी हे समजून घ्यावे की त्या नळीत तेल घालतातच कशाला. बहुतेकांना वाटते, नळीत नळी घासू नये म्हणून. ते काम तेल करतेच, पण ते दुय्यम. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि लगेच उसळून वर येते. तिला आवरणारे कोणी नसेल तर ती खाटेवर उड्या मारणाऱ्या पोरासारखी वरखाली होत राहील आणि त्या प्रत्येक उडीला चाक रस्त्यावरून सुटेल. तिला आवरण्याचे काम तेलाचे. जुन्या, साध्या फोर्कमध्ये आत एक पोकळ दांडा असतो व त्याला बारीक भोके असतात. नळी दबली किंवा वर आली की तेलाला त्या भोकांतून जावे लागते. पिचकारीत पाणी भरून दट्ट्या हळू दाबा, सहज जातो. जोराने दाबा, हाताला अडतो. फोर्कमध्ये तेच घडते. धक्क्याचा जोर तेलात मुरतो आणि त्याची उष्णता होऊन जाते. अशी तेलाने आवरलेली दुर्बिणीसारखी सरकणारी नळी विकायच्या मोटारसायकलीवर पहिल्यांदा बसवली ती जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने, १९३५ साली. आपल्याकडील जुन्या बुलेट, येझदी, यामाहा आरएक्स हंड्रेड, हिरो होंडा सीडी हंड्रेड या सगळ्यांच्या फोर्कचे मूळ तत्त्व तेच आहे.

म्हणजे तेल पातळ झाले, कमी झाले किंवा चिखल झाले, तर गाडी आपटते, उसळते, ब्रेकला नाक खाली घालते. ताईंनी लिहिलेली लक्षणे हीच आहेत. आता उलट बाजू पाहू, कारण घात तिथेच होतो.

आमच्या घरी १९९१ सालची दोन स्ट्रोकची शंभर सीसी गाडी आहे. वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, ती सोसायटीचे कर्ज काढून घेतली होती. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, गाडी स्वतः उघडत. तात्या गेल्यावर गाडी थोरल्या बंधूंच्या मुलाकडे आली. एका पावसाळ्यात डाव्या नळीतून तेल गळू लागले. गॅरेजमध्ये दाखवले. तिथल्या माणसाने सांगितले, "सील बदलायला दिवस जाईल. यात नव्वद नंबरचे गिअर तेल टाकतो. जाड तेल गळत नाही आणि शॉकअप कडक होतो." आम्ही तिथेच उभे होतो. कडक म्हणजे मजबूत, असे वाटले आणि मान डोलावली.

गळती काही दिवस कमी दिसली. गाडी खरोखरच कडक झाली. पुतण्या एकदोनदा म्हणाला, "काका, हँडलला हादरे बसतात." आम्ही म्हटले, रस्तेच तसे आहेत. पुढे एका संध्याकाळी तो आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, रात्रपाळीसाठी दवाखान्यात सोडायला निघाला. रेल्वे फाटकाच्या अलीकडे डांबर उखडून पत्र्यासारख्या वळ्या पडल्या होत्या. त्याने पुढचा ब्रेक दाबला, चाक वळ्यांवर टकटक उडत गेले आणि सरकले. त्याला खरचटले. वहिनींचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर, तेवढे दिवस बिनपगारी.

घरात सगळ्यांनी पोराला बोल लावला. वेगात असशील, मोबाईल बघत असशील. तो एकच सांगत होता, "मी हळूच होतो." त्याचे कोणी ऐकले नाही, आम्हीही नाही. महिन्याभराने गाडी दुरुस्तीला काढली तेव्हा तात्यांचे एक जुने सहकारी, आता निवृत्त, घरी आले होते. त्यांनी हँडल धरून गाडी पुढून दाबली आणि हात सोडला. नळी दबली, पण वर यायला तिने इतका वेळ घेतला की आम्हाला मोजता आला. ते म्हणाले, "ही गाडी खड्ड्यातून उठतच नाही. एका वळीला दबते, उठण्याआधी दुसरी वळी येते. चारपाच वळ्यांत शॉकअप तळाला बसला की पुढे तो नसल्यासारखाच. मग चाक उडणार नाही तर काय होईल?"

अपघात केवळ तेलामुळे झाला असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. रस्ता खराब होता, अंधार होता. पण पोराचे म्हणणे खरे असू शकते हे त्या दिवशी आम्हाला कळले आणि आम्ही त्याला तसे सांगितले. उशिराच सांगितले.

म्हणून शेजाऱ्यांचा जाड तेलाचा सल्ला ताईंनी घेऊ नये. जाड तेलाने गळणारे सील बरे होत नाही. बसलेली स्प्रिंगही उभी राहत नाही. स्प्रिंगचे काम स्प्रिंगने करायचे, तेलाचे तेलाने.

मग योग्य तेल कोणते? पहिले उत्तर : गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल ते, आणि तेवढेच. पुस्तिका हरवली असेल तर त्या मॉडेलची पुस्तिका ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून ते एक पान उतरवून आणावे. नाव सारखे म्हणून नव्या गाडीची पुस्तिका पाहू नये. म्हैसूरची येझदी १९९६ मध्ये बंद झाली. त्या नावाची नवी गाडी २०२२ मध्ये आली, पण ती सर्वस्वी वेगळी गाडी आहे. तिचे तेलाचे माप जुनीला लावणे म्हणजे काकाच्या चष्म्याने पुतण्याने वाचणे.

आता पुस्तिका मिळाली तरी एक घोटाळा उरतो. त्यात आम्हीही फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील बऱ्याच जपानी गाड्यांच्या पुस्तिकेत फोर्कसाठी वेगळे फोर्क तेल सांगितलेलेच नाही. कुठे साधे इंजिन तेल १०डब्ल्यू-३० लिहिले आहे, होंडाच्या अनेक पुस्तिकांत एटीएफ, म्हणजे मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरचे तेल, लिहिले आहे. आमच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० होते. गिअर तेल काढल्यावर आम्ही दुकानात गेलो. डब्यावर '१०' लिहिलेले फोर्क तेल मिळाले. दहा म्हणजे दहा, असे समजून घेऊन आलो. गाडी आता उलट फार मऊ झाली, ब्रेकला डोके टेकू लागली.

कारण इंजिन तेलाचा दहा आणि फोर्क तेलाचा दहा एक नव्हे. इंजिन तेलावरच्या आकड्यांपैकी डब्ल्यूचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो आणि दुसरा १०० अंश सेल्सियसला मोजलेल्या दाटपणाचा. इंजिन तापते म्हणून ते ठीक. फोर्क काही शंभर अंशांना तापत नाही. तो हवेपेक्षा थोडासाच गरम होतो. म्हणून फोर्कसाठी पाहायचा तो ४० अंशांचा दाटपणा. तो सेंटिस्टोक या मापात देतात. तेल एका बारीक नळीतून गळायला किती वेळ घेते त्यावरून ते माप काढतात. पाण्याचा दाटपणा साधारण एक सेंटिस्टोक असतो, यावरून अंदाज करावा.

४० अंशांना १०डब्ल्यू-३० इंजिन तेल साधारण ६० ते ७५ सेंटिस्टोकच्या घरात असते. एटीएफ पस्तिसाच्या आसपास. फोर्क तेलाचा '१०' बहुधा ३० ते ४५ मध्ये, म्हणजे एटीएफच्या जवळ आणि १०डब्ल्यू-३० च्या जेमतेम निम्म्यावर. गॅरेजमध्ये सर्रास ओतले जाणारे २०डब्ल्यू-५० इंजिन तेल दीडशेच्या पुढे जाते. नव्वदचे गिअर तेल त्याहूनही दाट. आता वहिनींच्या मनगटाचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

तेव्हा पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० असेल तर त्याला जवळचे फोर्क तेल १५ किंवा २० हे आहे, १० नव्हे. एटीएफ लिहिले असेल तर १० चालते. पण यातही कंपनी-कंपनीत फरक असतो. एकाचे '१०' तिसाला तर दुसऱ्याचे पंचेचाळिसाच्या पुढे. हा आकडा कायद्याने बांधलेला नाही, कंपनीने आपल्या सोयीने लावलेला आहे. म्हणून डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर ४० अंशांचा सेंटिस्टोक पाहावा. दुकानदार म्हणेल, एवढे कोण बघतो? त्याला सांगावे, आम्ही बघतो.

दोन तेले मिसळायचीच असतील तर एकाच कंपनीची एकाच जातीची मिसळावी. आम्ही शेवटी त्याच कंपनीचे १० आणि २० निम्मे-निम्मे घातले आणि गाडी जागेवर आली. पुतण्या बारीक अंगाचा आहे, बहुधा एकटा फिरतो, त्याला तेवढे पुरते. दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती वाहणाऱ्याला कदाचित थोडे दाट लागेल. पण एका वेळी एकच पायरी चढावी, दहावरून एकदम वीसवर उडी मारू नये.

फोर्क तेलच का, इंजिन तेल का नको, असे काही जण विचारतील. पुस्तिकेतच इंजिन तेल सांगितले असेल तर ते घालायला हरकत नाही. फोर्क तेलाचा फायदा असा की त्यात फेस धरू नये म्हणून औषध घातलेले असते. नळीत तेल सतत घुसळले जाते. त्याचा फेस झाला की भोकांतून तेलाऐवजी बुडबुडे जातात आणि फेस काही स्प्रिंगला आवरत नाही. टू-टी तेल घालू नये, ते पेट्रोलबरोबर जळण्यासाठी बनवलेले असते. इंजिनमधून काढलेले काळे तेल तर मुळीच नको, त्यात धातूची बारीक पूड असते. आणि ब्रेक ऑइल चुकूनही नाही. ते सीलचे रबर फुगवते आणि रंग उडवते.

ज्यांच्याकडे बजाज चेतकसारखी जुनी स्कूटर आहे त्यांनी हे सगळे वाचून तेल आणायला धावू नये, तिच्या पुढच्या चाकाला असा फोर्कच नाही. जुन्या राजदूतच्या पहिल्या गाड्यांचेही तसेच. बऱ्याच मोपेडच्या पुढच्या नळ्यांत नुसती स्प्रिंग आणि ग्रीस असते.

आता ताईंच्या गाडीकडे येऊ. मुलाने पुढील गोष्टी घरीच पाहाव्यात. नळीवरचा चकचकीत भाग कापडाने पुसून त्यावर नख फिरवावे. नख कुठे अडकले तर तिथे गंजाचा खड्डा आहे. तो खड्डा सीलच्या कडेखालून जात असेल तर नवे सील टाकले तरी ते फाटेल. अशी नळी मात्र बदलावी लागते, तिथे गॅरेजवाला बरोबर आहे. नळी वाकली असेल तरीही तेच, तिथे काटकसर नको. नख अडकले नाही आणि तेलाची ओली रेघ दिसत असेल तर कित्येकदा सील फाटलेले नसते, त्याच्या कडेखाली माती अडकलेली असते. वरचे धुळीचे रबर उचलून जुन्या फोटोच्या निगेटिव्हची पट्टी सीलच्या कडेखाली सारून नळीभोवती हळू फिरवावी. माती निघून येते. घरात लग्नाच्या निगेटिव्ह असतील तर त्या कापू नयेत, आईला विचारावे. तरीही गळले तर सील बदलावे; ती वस्तू सबंध शॉकअपच्या मानाने फार स्वस्त आहे. सील नेहमी दोन्ही बाजूंची बदलावीत.

यातले काही नसेल तर आधी तेल बदलून पाहावे. गाडी डबल स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा द्यावा, पुढचे चाक अधांतरी हवे. नळीच्या डोक्यावरचा बोल्ट स्प्रिंगच्या दाबाखाली असतो. चाक जमिनीवर टेकलेले असताना तो खोलला तर उडून तोंडावर येतो. तळहाताने दाबून धरत हळू सोडावा, तोंड बाजूला ठेवावे. एका वेळी एकच नळी उघडावी. खालच्या भागाला बारीक स्क्रू असेल तर तो काढून तेल डब्यात सोडावे आणि फोर्क वरखाली करावा. स्क्रू नसेल तर नळी उतरवून उलटी करावी लागते. जे बाहेर येईल ते पाहून वाईट वाटून घेऊ नये. आमच्या गाडीतून पहिल्यांदा निघाले ते राखेच्या पाण्यासारखे होते. ते गटारात ओतू नये, गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे. टायरवर किंवा ब्रेकवर थेंबही पडता कामा नये.

भरताना अंदाज नको. पुस्तिकेत प्रत्येक नळीसाठी मिलिलिटर दिलेले असतात. औषधाच्या दुकानातील मोठी सिरींज घेऊन मोजावे. दोन्ही नळ्यांत सारखे हवे. जास्त घालणे हेही वाईटच, कारण तेलाच्या वर राहिलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. तिची जागा तेलाने खाल्ली तर दाब वाढून सीलच बाहेर ढकलले जाते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नुसते खालून सोडले तर थोडे जुने तेल आत चिकटून राहते, पूर्ण खोलून धुतले तर राहत नाही. म्हणून काही पुस्तिकांत दोन मापे असतात. आपण काय केले त्याप्रमाणे घ्यावे. शंका असेल तर स्प्रिंग बाहेर काढून, नळी पूर्ण दाबून, स्वच्छ तारेने दोन्हीकडची पातळी मोजून सारखी करावी.

मग हँडल धरून, पुढचा ब्रेक दाबून गाडी जोराने दाबावी आणि सोडावी. नळी चटकन वर येऊन एकदाच थांबली पाहिजे. दोनतीनदा डोलली तर तेल पातळ किंवा कमी. रेंगाळत वर आली तर जाड. एवढे करूनही गाडी बसलेलीच दिसली तर स्प्रिंग काढून तिची लांबी पुस्तिकेशी ताडावी. आखूड झालेली असेल तर स्प्रिंगची जोडी घ्यावी. अजूनही सबंध शॉकअपची गरज नाही.

ताई, गाडी अजून पतीच्या नावावर असेल तर ती आधी आपल्या नावावर करून घ्या. पंधरा वर्षांवरच्या गाडीचे रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवे करावे लागते, त्याची मुदत आर.सी.वर पाहा. मुलाचे गिअरच्या गाडीचे लायसन्स झाले आहे ना, तेही पाहा. तपासणीत काय निघाले ते आम्हाला जरूर कळवा.

तेल बदलले की तारीख, किलोमीटर, कंपनी, नंबर आणि मिलिलिटर एका वहीत लिहून ठेवावे. साधारण दोन वर्षांनी किंवा १५-२० हजार किलोमीटरला पुन्हा बदलावे, पाण्यातून फार जाणे होत असेल तर आधी. आमच्याकडे तात्यांचीच जुनी वही आहे. त्यांच्या नोंदी १९९१ पासून आहेत, शाईच्या पेनाने, रेल्वेच्या अक्षरात. अलीकडच्या नोंदी पुतण्याच्या हातच्या आहेत. मध्ये एक ओळ आमची आहे : "डावी-उजवी, गिअर तेल ९०, गॅरेजमध्ये." ती आम्ही खोडलेली नाही.